पश्चिमेचे ऊन आणि पाच मोटारी : पुण्यातील एका सदनिकेतील ब्लाइंड्सचे नियोजन

पुण्यात बाणेरच्या बाजूला नवव्या मजल्यावर असलेली तीन शयनगृहांची एक सदनिका गेल्या वर्षी नूतनीकरणासाठी उघडण्यात आली, आणि त्या घराच्या विजेच्या कामाचा आराखडा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. घरात नवरा-बायको, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई अशी चार माणसे राहतात. घरमालकीण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात. त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात एक यादी दिली, जिच्यात घरातल्या नऊच्या नऊ खिडक्या-दारांपुढे ‘मोटराइज्ड ब्लाइंड, ऑटोमॅटिक’, म्हणजे मोटारीने नळीवर आपोआप गुंडाळला जाणारा पडदा, एवढेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात घरात पाच मोटारी बसल्या आणि त्यांतल्या तीनच आपणहून हलतात. नवाचे पाच आणि पाचाचे तीन कसे झाले, हे सांगण्यासाठी हे प्रकरण लिहिले आहे.

यादीतली ठिकाणे अशी होती : दिवाणखान्याचे बाल्कनीत उघडणारे तीन मीटर रुंदीचे सरकते दार, जेवणघराची खिडकी, स्वयंपाकघर, अभ्यासिका, मुलाची खोली, सासूबाईंची खोली, मुख्य शयनगृहाच्या पूर्व आणि उत्तर अशा दोन खिडक्या, आणि कपडे वाळत घालण्याची ड्राय बाल्कनी. यांपैकी स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी पहिल्या दहा मिनिटांतच गळाली. फोडणीचा धूर आणि तेलाचा चिकटा बसलेले कापड नळीवर गुंडाळले जाऊ लागले की महिन्याभरात ते एकमेकांना चिकटते, आणि गॅसच्या शेगडीजवळ आपोआप खाली येणारे कापड असणे मला मुळीच मान्य नव्हते. उरलेल्या सात ठिकाणांसाठी मी घरमालकांना एकच काम दिले : पंधरा दिवस, सध्याचे साधे पडदे कोण, केव्हा आणि कशासाठी ओढते, याची नोंद भिंतीवर लावलेल्या कागदावर करायची.

त्या कागदाने यादीपेक्षा बरेच अधिक सांगितले. जेवणघराचा पडदा पंधरा दिवसांत दोनदा हलला, तोही धुण्यासाठी काढताना. मुलाच्या खोलीचा आणि शयनगृहाच्या उत्तरेच्या खिडकीचा पडदा दिवसातून एकदा, रात्री दिवा लागल्यावर ओढला जात होता. दिवाणखान्याचा पडदा मात्र रोज चार ते पाच वेळा हलत होता, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी दुपारी चार ते सहा या दोन तासांतल्या होत्या. ज्या खिडकीचा पडदा माणूस स्वतः हलवत नाही तिला मोटार लावून काहीच साधत नाही. ती मोटार वर्षभर गप्प बसते आणि नेमकी पाहुणे आल्यावर अडकते. म्हणून मुलाची खोली, शयनगृहाची उत्तरेची खिडकी आणि जेवणघर यांना साधे कापडी पडदे ठेवावेत, असे ठरले. मुलाच्या खोलीत साखळीचे ब्लाइंड नको असा आग्रह मात्र मी धरला, कारण लोंबणाऱ्या साखळीचा किंवा दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्यात अडकण्याचा धोका खरा असतो.

ऊन केव्हा आणि कुठवर येते

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पडद्यांचे स्वयंचलन घड्याळावर लावले जाते : दुपारी तीनला खाली, सात वाजता वर. पुण्यात हे दोन्ही आकडे वर्षातले बरेच दिवस चुकीचे ठरतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य आपल्या माथ्यावरील मध्यरेषा सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास ओलांडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडायला त्यानंतरच सुरुवात होते. सूर्यास्त डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहाच्या थोडा पुढे, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वासातला थोडी मिनिटे असताना होतो. शिवाय मावळण्याची जागाही सरकते. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजले तर डिसेंबरात सूर्य सुमारे २४५ अंशांवर मावळतो आणि जूनमध्ये सुमारे २९५ अंशांवर. क्षितिजावरच्या पन्नास अंशांच्या या फेऱ्याला ‘दुपारी तीन’ हे एकच उत्तर पुरत नाही.

म्हणून नियम वेळेवर न बांधता सूर्याच्या दिगंशावर आणि उन्नतांशावर, म्हणजे तो कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती उंच आहे यावर बांधायचे ठरले. होम असिस्टंटसारखी घरातल्या छोट्या संगणकावर चालणारी प्रणाली हे दोन्ही आकडे अक्षांश-रेखांशावरून स्वतःच काढते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीची दिशा मात्र आपल्याला द्यावी लागते. ती मी आधी फोनच्या होकायंत्राने मोजली आणि नंतर नकाशावरून पडताळली, तेव्हा दोन्हींत पंधरा अंशांचा फरक निघाला. काँक्रीटमधल्या सळयांजवळ फोनच्या होकायंत्रावर विश्वास ठेवू नये, हे मला माहीत असायला हवे होते. नकाशानुसार भिंत जवळजवळ सरळ पश्चिमेकडे तोंड करून आहे.

दिवाणखान्यापुढची बाल्कनी दीड मीटर खोल आहे आणि तिच्यावरच्या स्लॅबचा तळ जमिनीपासून २.७ मीटर उंचीवर आहे. हा स्लॅब म्हणजे घराला फुकट मिळालेला ब्लाइंड. एप्रिलच्या मध्यावर दुपारी तीन वाजता पुण्यात सूर्य सुमारे ५४ अंश उंच असतो. त्या वेळी स्लॅबची सावली दोन मीटरहून अधिक खाली येते आणि दाराच्या फक्त तळाच्या साठ-पासष्ट सेंटिमीटर भागावर ऊन पडते. चार वाजता सूर्य ४० अंशांपर्यंत उतरतो, ऊन दारावर जवळजवळ दीड मीटर उंचीपर्यंत चढते आणि आत पावणेदोन मीटर शिरते. पाच वाजता तो २५ अंशांवर असतो आणि ऊन चार मीटरांपलीकडे, म्हणजे सोफ्यावर बसलेल्याच्या थेट डोळ्यांत जाते. सहाला तर ते मागच्या भिंतीवर पोहोचलेले असते. सोफा दारापासून अडीच मीटरवर असल्याने खरा त्रास सव्वाचार-साडेचारनंतरच सुरू होतो. नोंदीच्या कागदावरही पहिला पडदा त्याच सुमारास ओढलेला दिसत होता, हे पाहून मला बरे वाटले.

या हिशोबातून एक सोपा नियम निघाला. ऊन दारापासून दीड मीटरपुढे जाऊ द्यायचे नसेल, तर ब्लाइंडची खालची पट्टी जमिनीपासून दीड गुणिले उन्नतांशाची स्पर्शज्या (टॅन्जंट) इतक्या उंचीवर हवी. एप्रिलच्या मध्यावर चारला ती उंची सव्वा मीटर येते, पाचला सत्तर सेंटिमीटर आणि सहाला तीस. हे गणित दर पाच मिनिटांनी करून ब्लाइंड सूर्याबरोबर सतत सरकवत ठेवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि पुष्कळांना ते फार आकर्षकही वाटते. मी ते नाकारले. दर पाच मिनिटांनी घुर्र करणारी भिंत माणसे दोन दिवस कौतुकाने पाहतात आणि तिसऱ्या दिवशी प्लग काढतात. त्याऐवजी सव्वा मीटर, सत्तर सेंटिमीटर आणि तीस सेंटिमीटर असे तीनच थांबे ठरवले. सूर्य ४०, २५ आणि ११ अंशांच्या खाली आला की पुढचा थांबा, आणि मावळल्यावर एकदम वर. म्हणजे दिवसाला चार हालचाली, त्याही पुरेसे ऊन असेल तरच.

डिसेंबरात हा नियम थोडा फसतो. त्या महिन्यात दुपारी तीनलाच सूर्य नैर्ऋत्येला केवळ ३५ अंशांवर असतो आणि तिरका येऊन स्लॅबखालून लवकर आत शिरतो. परंतु थंडीत ते ऊन घरच्यांना हवेच असते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी ब्लाइंड पहिल्या थांब्याच्या खाली आपणहून जात नाही.

दक्षिणेच्या खिडकीबद्दलचा गैरसमज दूर करायला सर्वांत जास्त वेळ गेला. सासूबाईंच्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे आणि ‘उन्हाळ्यात दक्षिण तापते’ म्हणून तिथे सर्वांत कडक स्वयंचलन हवे, असे घरमालकांचे म्हणणे होते. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. साधारण १३-१४ मेपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो, आणि त्या काळात भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. उलट २१ डिसेंबरच्या सुमारास तो मध्यान्हीलाही फक्त ४८ अंश उंच असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून पलंगापर्यंत येतो. सासूबाई हिवाळ्यात त्याच कवडशात खुर्ची टाकून बसतात, भाजी निवडतात, पोथी वाचतात. ज्या उन्हाची वाट माणूस पाहतो ते यंत्राने अडवणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. त्यांचा खांदा दुखतो, त्यामुळे मोटार हवी होती, पण ती भिंतीवरच्या दोन बटणांनी चालणारी. नियम एकही नाही. अभ्यासिकेतला ब्लाइंडही तसाच, बटणावर चालणारा.

तार की बॅटरी

नूतनीकरणात भिंतींना झिऱ्या पाडायच्याच होत्या, त्यामुळे दिवाणखाना, अभ्यासिका आणि सासूबाईंची खोली येथे वायर नेणे सोपे होते. मुख्य शयनगृह दोन वर्षांपूर्वीच नव्याने केलेले असल्याने तिथे छिन्नी लागू देणार नाही, असे घरमालकांनी बजावले. साहजिकच पूर्वेच्या खिडकीला बॅटरीवरची मोटार आली.

बॅटरीची मोटार सगळीकडेच का नको, हा प्रश्न घरमालकांनी रास्तपणे विचारला. एका चार्जिंगमध्ये सहा महिने चालते, असे विक्रेते सांगतात, पण तो आकडा दिवसातून एकदा वर आणि एकदा खाली अशा वापराचा असतो; आमच्या दिवाणखान्यात दिवसाला चार स्वयंचलित आणि दोन-तीन हातच्या हालचाली होणार होत्या. दुसरी अडचण उष्णतेची आहे. बॅटरी ब्लाइंडच्या नळीत किंवा तिच्या शेजारी, म्हणजे नेमकी काचेच्या वरच्या टोकाशी असते, आणि पश्चिमेच्या काचेमागे मे महिन्यात ती जागा किती तापते हे हात लावून पाहावे. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि ४५ अंश सेल्सिअसच्या वर ती चार्ज करू नये, असे उत्पादकच बजावतात. पूर्वेच्या खिडकीला सकाळचे कोवळे ऊन लागते, तिथे हा प्रश्न सौम्य आहे. शिडीवर चढावे लागू नये म्हणून चार्जिंगची वायर चौकटीच्या कडेने खाली आणून ठेवली आहे.

वायरच्या ठिकाणी २३० व्होल्टच्या चार तारांच्या मोटारी घेतल्या : वर, खाली, न्यूट्रल आणि अर्थिंग. या मोटारीला वर आणि खाली या दोन्ही तारांत एकाच वेळी वीज गेली तर ती जळते, म्हणून साधी दोन दिव्यांची बटणे चालत नाहीत. एक दाबले असता दुसरे बंद राहील अशी जोडबटणे किंवा तशीच अंतर्गत व्यवस्था असलेले रिले मोड्यूल (बटणाच्या डबीत बसणारा, संदेशावरून चालणारा छोटा स्विच) लागते. दिवाणखान्याचे दोन ब्लाइंड एकाच बटणावर समांतर जोडण्याचा इलेक्ट्रिशियनचा विचार मी थांबवला. यांत्रिक लिमिट स्विच (पडदा टोकाला पोहोचला की मोटार थांबवणारा) असलेल्या दोन मोटारी समांतर जोडल्या की एकीच्या वेटोळ्यातून दुसरीकडे उलटी वीज जाते, आणि काही महिन्यांत एक तरी निकामी होते. प्रत्येक मोटारीला स्वतंत्र मोड्यूल दिले. त्या मोड्यूलला बटणाच्या डबीत न्यूट्रल लागतो. आपल्याकडे एकाच बोर्डावर बटणे आणि प्लग दोन्ही असण्याची पद्धत असल्याने तो बहुधा मिळतो, इथेही मिळाला.

मोटारीची ताकद ठरवताना पुन्हा एकदा साधे गणित उपयोगी पडले. तीन मीटरचे दार एकाच ब्लाइंडने झाकले तर नळी मध्ये झुकते आणि कापडावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सुरकुत्या येतात. शिवाय बाल्कनीत जायला पूर्ण पडदा उचलावा लागतो. म्हणून दीड-दीड मीटरचे दोन केले, जरी त्यामुळे मध्ये तीन-चार सेंटिमीटरची उजेडाची फट राहिली. एका ब्लाइंडचे कापड सुमारे ३.६ चौरस मीटर. चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरले तर दीड किलोच्या आत, आणि खालच्या पट्टीसह दोन किलो. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर एवढे वजन उचलायला ०.४ न्यूटन मीटर पुरतात, घर्षणासाठी दुप्पट धरले तरी एकाच्या आत. विक्रेत्याने मात्र ६ न्यूटन मीटरची मोटार सुचवली होती, ‘साहेब, पुढे टेन्शन नको’ म्हणून. गरजेपेक्षा फार ताकदवान मोटार हेच खरे टेन्शन आहे, कारण कापड हँडलमध्ये अडकले तर ती थांबत नाही, फाडते.

घरमालकांचे भाऊ न्यू जर्सीला असतात आणि त्यांनी तिकडून झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीवर चालणाऱ्या मोटारी आणण्याची तयारी दाखवली होती. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची आहे, आणि अमेरिकेतील झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालते, तर भारतासाठी ती ८६५.२ मेगाहर्ट्झवर ठेवलेली आहे. म्हणजे मोटार इथल्या विजेवर जळाली असती, आणि न जळती तर इथल्या हबशी, म्हणजे सगळ्या साधनांना हुकूम देणाऱ्या मध्यवर्ती यंत्राशी, बोलली नसती. त्यांनी मुलासाठी सायकल आणावी, असे सुचवून तो विषय मिटवला.

रेडिओसाठी, म्हणजे साधनांच्या बिनतारी संदेशांसाठी, झिगबी ही दुसरी पद्धत निवडली. साध्या ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटच्या मोटारी स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील बहुतेकांत संदेश एकाच दिशेने जातो. कुणी हातातल्या रिमोटने ब्लाइंड खाली घेतला तर प्रणालीला तो वरच आहे असे वाटत राहते, आणि पुढचे सगळे नियम त्या खोट्या समजुतीवर चालतात. दोन्ही बाजूंनी बोलणारे साधन ही माझी पहिली अट होती. झिगबीत विजेवर चालणारी मोड्यूल दुसऱ्यांचे संदेश पुढे पोहोचवतात, बॅटरीवरची साधने तसे करत नाहीत. म्हणून शयनगृहाच्या मोटारीसाठी पॅसेजमधल्या दिव्याच्या बोर्डात एक मोड्यूल मुद्दाम बसवले. घरचे वायफाय चॅनल १ वर कायम केले आणि झिगबी चॅनल २५ वर ठेवले, कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झमध्येच राहतात. झिगबीचे संदेश घेणारी काडी संगणकाच्या यूएसबी ३ च्या तोंडात थेट खोचली तर तिला ऐकू येईनासे होते. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावल्यावर ती तक्रार संपली.

सुतार, पीओपी आणि मोटारीची बाजू

माझ्या आराखड्यातली सर्वांत महाग चूक इलेक्ट्रॉनिक्सची नव्हती. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये ब्लाइंड लपवण्यासाठी खाच ठेवायची होती, आणि नकाशावर मी तिची रुंदी लिहिली, पण आतून की बाहेरून हे लिहिले नाही. सुताराने बाहेरून धरली. प्लायची जाडी वजा जाता आत दहा सेंटिमीटरही उरले नाहीत. ब्लाइंड बसला, पण अभ्यासिकेत मोटारीचे टोक बाजूने सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर जाईना. जी मोटार काढता येत नाही ती बसवलीच नाही असे समजावे. एका बाजूची पट्टी तोडून पुन्हा करावी लागली आणि रंगाचे काम चार दिवसांनी लांबले. आता मी खाच आतून किमान पंधरा सेंटिमीटर लिहितो, आणि प्रत्येक खिडकीपुढे मोटार आतून पाहताना उजवीकडे की डावीकडे हे अक्षरांत लिहितो, कारण वायरचा पाइप ज्या बाजूला निघाला त्याच बाजूला मोटार येणार असते, आणि हे पीओपी बंद झाल्यावर कळून काही उपयोग नसतो.

अभ्यासिकेतला एसी खिडकीच्या अगदी वर होता. त्याचा झोत ब्लाइंडवर पडून कापड पाळण्यासारखे हलले असते, म्हणून एसी बाजूच्या भिंतीवर नेला.

सेन्सरने घातलेला गोंधळ

पावसाळ्यात चार वाजता आभाळ काळे असताना ब्लाइंड खाली येऊ नये, एवढ्यासाठी उजेड मोजणारा सेन्सर हवा होता. पहिल्या चाचणीत तो मी टीव्हीच्या कपाटावर ठेवला. परिणाम असा झाला की ऊन आले, ब्लाइंड खाली आला, खोलीत अंधार झाला, सेन्सरने ऊन गेले असे सांगितले, ब्लाइंड वर गेला, आणि पुन्हा ऊन आले. घरी फक्त सासूबाई होत्या. त्यांनी बराच वेळ ही वर-खाली कवायत पाहिली. अखेर मोटार तापून स्वतःच थांबली, कारण अशा मोटारी सलग सुमारे चार मिनिटे चालण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि त्यानंतर आतले तापसंरक्षक त्यांना बंद पाडते. त्यांचा फोन आला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘अहो, तुमचा पडदा दमला.’

सेन्सर नंतर काच आणि ब्लाइंड यांच्या मध्ये, वरच्या कोपऱ्यात, पश्चिमेकडे तोंड करून लावला. तिथे ब्लाइंडच्या स्थितीचा त्याच्या मोजमापावर परिणाम होत नाही. एखादा ढग सरकला म्हणून पडदा हलू नये यासाठी उजेड सलग दहा मिनिटे मर्यादेच्या वर असेल तरच खाली, आणि एकदा खाली आल्यावर ढगांसाठी वर नाही, असा नियम केला.

दुसरा नियम दाराचा. सरकत्या दाराला चुंबकाचा सेन्सर आहे, आणि दार उघडे असेल तर त्या बाजूचा ब्लाइंड आपणहून खाली येत नाही. एक तर वाऱ्याने कापड आपटते. दुसरे म्हणजे संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला बाहेर गेलेल्या माणसाच्या मागे पडदा पडणे बरे दिसत नाही.

तिसऱ्या नियमावर मी सर्वांत जास्त विचार केला. कुणीही भिंतीवरचे बटण दाबले की त्या ब्लाइंडचे स्वयंचलन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गप्प राहते. माणसाने खाली ओढलेला पडदा पाच मिनिटांनी यंत्राने वर नेला, तर त्या माणसाचा घरावरचा अधिकार गेल्यासारखे त्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. हब बंद पडला, वायफाय गेले, संगणक जळाला, तरीही ही बटणे चालतात, कारण ती थेट मोड्यूलला जोडलेली आहेत. वीज जाऊन आल्यावर मोड्यूल मोटार बंदच ठेवते आणि ब्लाइंड असेल तिथे थांबतो. या मोटारी घराच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतल्या आहेत; पंधरा-वीस सेकंदांच्या हालचालीचा त्यावर भार असा पडत नाही.

मोड्यूलला ब्लाइंड किती खाली आहे हे प्रत्यक्षात दिसत नसते. ते फक्त मोटार किती सेकंद चालली यावरून अंदाज करते. वर जायला आणि खाली यायला वेळ वेगळा लागतो, आणि चार-आठ दिवसांत हा अंदाज हाताच्या वीतभर सरकतो. रोज सकाळी ब्लाइंड एकदा पूर्ण वर, लिमिटपर्यंत जातो आणि हिशोब शून्यावर येतो.

शयनगृहाचे पूर्वेचे ब्लॅकआउट ब्लाइंड तेवढे घड्याळावर आहे. सूर्योदयाबरोबर ते उघडावे, अशी घरमालकांची पहिली इच्छा होती. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या आत-बाहेर उगवतो आणि जानेवारीच्या मध्यावर सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. शाळेची बस मात्र बारा महिने एकाच वेळी येते. ते ब्लाइंड आता शाळेच्या दिवशी पावणेसातला एक तृतीयांश उघडते, आणि रविवारी अजिबात हलत नाही.

काय साधले, काय नाही

घर थंड झाले असे मी म्हणणार नाही. काचेच्या आत लावलेला कोणताही पडदा काचेतून आधीच आत आलेल्या उष्णतेशी झगडत असतो. त्यातला काही भाग पांढऱ्या पाठीचे कापड काचेतून परत फेकते, बाकीचा खोलीतच राहतो. ऊन काचेबाहेर अडवणे हाच खरा उपाय, आणि आपल्या जुन्या वाड्यांतून चिकाचे आणि वाळ्याचे पडदे बाहेरच टांगलेले असत ते उगाच नव्हे. या इमारतीत दर्शनी भागात बदल करायला सोसायटीची परवानगी नसल्याने तो मार्ग बंद होता. हे मी घरमालकांना काम सुरू होण्यापूर्वीच लेखी दिले, त्यामुळे पुढे कुरबूर झाली नाही. डोळ्यांवरची तिरीप गेली, सोफ्याचे कापड विटायचे थांबेल, आणि अभ्यासिकेत संगणकाचा पडदा दिसू लागला, एवढे मात्र साधले. दिवाणखान्यात विरळ विणीचे सनस्क्रीन कापड आहे; दिवसा त्यातून बाहेरचे दिसते, पण रात्री दिवे लागल्यावर बाहेरच्यांनाही आतले दिसते. त्यासाठी जुना सुती पडदा तसाच ठेवला आहे आणि तो हातानेच ओढला जातो.

एक मागणी मात्र पुढे आली. मे महिन्यानंतर जेवणघराच्या खिडकीतूनही संध्याकाळी तिरपे ऊन येते, असे घरमालकीणबाईंच्या लक्षात आले आहे. जूनमध्ये सूर्य २९५ अंशांपर्यंत उत्तरेला सरकतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीला हे घडणारच. लवकरच पावसाचे ढग त्या उन्हाची सोय लावतात, म्हणून सध्या मोटार नको, असे मी सांगितले आहे. झिऱ्या पाडल्या तेव्हाच त्या खिडकीपर्यंत एक रिकामा पाइप नेऊन आत पुढे वायर ओढून घेण्यासाठी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घालून ठेवली आहे, आणि तोंडावर कोरी प्लेट बसवली आहे.